घराचा भाव आणि घराचा खर्च : बयाना देण्यापूर्वीचा हिशेब

भिवंडीच्या बाजारातून ग्रे कापड उचलताना आपल्यातला लहानसा व्यापारीसुद्धा नुसता मीटरचा भाव विचारून थांबत नाही. दलाली, हमाली, गाडीभाडे, प्रोसेसचा खर्च, कापडाची घट हे सर्व धरून माल दुकानात कितीला पडेल ते तो आधी पाहतो. मात्र हाच व्यापारी आयुष्यभराच्या कमाईतून घर घेतो तेव्हा मालकाने सांगितलेला भाव हाच पूर्ण खर्च समजून बयाना देऊन मोकळा होतो. मग दस्त नोंदवायची वेळ आली की वकील आकडा सांगतो आणि धंद्याचे भांडवल मोडावे लागते. आपल्यापैकी पुष्कळ जण व्याजाचे कर्ज टाळून, बीसी आणि बचतीच्या पैशांतून घर घेतात. त्यांच्यापाशी वरखर्चाला शिल्लक नसतेच. म्हणून हा हिशेब बयान्याच्या आधी झाला पाहिजे.

सर्वांत मोठी रक्कम मुद्रांक शुल्काची, म्हणजे बोलीभाषेत स्टॅम्प ड्यूटीची. मुंबईत मूळ दर ५ टक्के असून एप्रिल २०२२ पासून त्यावर मेट्रोचा १ टक्का उपकर आहे, म्हणजे एकूण ६ टक्के. पुण्यात स्थानिक अधिभार धरून तो ७ टक्क्यांपर्यंत जातो. त्याशिवाय नोंदणी फी १ टक्का, मात्र ती जास्तीत जास्त ३० हजार रुपये. दर गावोगाव वेगळे आहेत, तेव्हा दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाचा आकडा आपल्याला लावू नये.

हे टक्के कशावर मोजतात, येथे बहुतेक जण चुकतात. सरकार प्रत्येक विभागासाठी जमिनीचे व बांधकामाचे दर ठरवते. त्यालाच रेडी रेकनर म्हणतात. तुमचा ठरलेला भाव आणि या तक्त्याप्रमाणे येणारे मूल्य, यांपैकी जे जास्त असेल त्यावर शुल्क भरावे लागते. हा तक्ता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातही चौकशी करता येते.

आता बाजारात चालणारी एक जुनी युक्ती पाहू. समजा मुंबईत एक घर ६० लाखांना ठरले. मालक म्हणतो, कागदावर ४५ लाख लिहू, १५ लाख रोख द्या, तुमचाही स्टॅम्प वाचेल. या घराचे रेकनरप्रमाणे मूल्य ५८ लाख आहे. तर शुल्क ४५ वर नव्हे, ५८ वर लागणार, म्हणजे ३ लाख ४८ हजार. खरा भाव लिहिला असता तर ३ लाख ६० हजार लागले असते. वाचले फक्त १२ हजार. या १२ हजारांची किंमत काय पडते ते पाहा. कागदावरचा भाव सरकारी मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून (आणि ५० हजारांहून) अधिक कमी असेल तर पूर्ण फरक घर घेणाऱ्याचे त्या वर्षाचे उत्पन्न धरला जातो. येथे फरक १३ लाखांचा आहे. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या व्यापाऱ्याला त्यावर ३ लाख ९० हजार आयकर बसेल, अधिभार वेगळा. यात फायदा मालकाचा असतो, कारण त्याला रोख लपवायची असते. आपल्याला त्यात भागीदार होण्याचे कारण नाही.

रोखीबाबत आणखी एक गोष्ट. १ जून २०१५ पासून घर-जमिनीच्या सौद्यात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम बयाना म्हणून रोख घेण्यास बंदी आहे आणि घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. देणाऱ्याचे नुकसान वेगळे. सौदा फिसकटला तर ते १५ लाख दिले होते हे तो कोणत्या कागदावर दाखवणार? बीसीची रक्कम किंवा दुकानाची रोख विक्री घरासाठी वापरायची असेल तर ती आधी वहीत व बँकेत आली पाहिजे. खरेदीच्या आठवड्यात एकदम भरलेली रोकड प्रश्नांना आमंत्रण देते.

घर किंवा त्याचे सरकारी मूल्य ५० लाख किंवा अधिक असेल तर मालकाला पैसे देताना १ टक्का कापून सरकारजमा करणे ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे. हा नियम १ जून २०१३ पासूनचा आहे. ही रक्कम मालकाच्या पैशांतून जाते, आपला खर्च वाढत नाही, पण कापली नाही तर व्याज आपल्या अंगावर येते. मालकाचा पॅन नंबर बयान्याच्या वेळीच घ्यावा, पॅन नसेल तर १ ऐवजी २० टक्के कापावे लागतात.

नव्या इमारतीत जीएसटीचा प्रश्न येतो. काम चालू असलेल्या इमारतीतील घरावर एप्रिल २०१९ पासून ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरावर १ टक्का दर आहे. परवडणारे म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत व चटई क्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात, म्हणजे भिवंडीतही, ६० चौरस मीटरपर्यंत. मालेगावसारख्या गावी ९० पर्यंत चालते. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर संपूर्ण पैसे दिले तर जीएसटी लागतच नाही. तयार घरावर कोणी तो मागत असेल तर दाखल्याची तारीख विचारावी. दुकानाच्या विवरणपत्रात घराचा जीएसटी वजा करून घेता येईल असे काही व्यापारी धरून चालतात, तसे होत नाही.

शुल्कात सवलत मिळवण्याचे कायदेशीर मार्गही आहेत. निवासी घर फक्त स्त्रियांच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून १ टक्का सूट आहे. असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकायचे नाही ही अट २०२३ मध्ये काढण्यात आली. पती-पत्नीच्या संयुक्त नावावर ही सूट नाही, यंत्रमागाच्या शेडला किंवा गाळ्यालाही नाही. मात्र एक लक्षात असू द्यावे. पत्नीच्या नावे घेतलेले घर शरीअतप्रमाणेही तिचेच असते आणि तिच्यामागे वाटणी तिच्या वारसांत होते. केवळ टक्का वाचवण्यासाठी नाव घालायचे आणि मनात स्वतःला मालक समजायचे, यातून पुढे भावंडांत तंटे उभे राहतात.

दुसरा मार्ग हिब्याचा. पती, पत्नी, मुले व नातवंडे यांना निवासी घर बक्षीस दिल्यास मुद्रांक टक्केवारीने नव्हे तर नाममात्र ठराविक रकमेने लागतो. काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा असतो. भाऊ-बहीण या यादीत नाहीत. त्यांना ३ टक्क्यांचा दर आहे. तोंडी हिबाही वैध आहे. देण्याची घोषणा, स्वीकार आणि ताबा या तीन गोष्टी असल्या तर नोंदणी आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले. तरी आमचे मत असे की मुलांना घर द्यायचे तर नोंदलेले बक्षीसपत्रच करावे. खर्च थोडा येतो आणि सोसायटी, महापालिका, बँक सर्वत्र कागद चालतो. पण परक्याकडून पैसे मोजून घर घ्यायचे आणि त्याला हिबा म्हणायचे, हे चालणार नाही. मोबदला दिला की ती खरेदीच झाली, तिला पूर्ण शुल्क व नोंदणी दोन्ही लागतात.

कारागिरांच्या वस्त्यांत नोटरीवर घर घेण्याची पद्धत अजून आहे. नोटरी फक्त सही कोणाची ते सांगतो, त्याने मालकी मिळत नाही. कुलमुखत्यारपत्र व साठेखत यांनीही मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले. दस्त सहीच्या तारखेपासून चार महिन्यांत नोंदवावा. मुद्रांक कमी पडला तर कमी रकमेवर दरमहा २ टक्के दंड चढत राहतो. बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदलेल्या कराराशिवाय देऊ नये. २०१६ च्या रेरा कायद्याने त्याला ती घेताच येत नाही.

नोंदणीनंतर सूची क्रमांक दोनची प्रत काढून घ्यावी आणि तिच्या आधारे महापालिकेत घरपट्टीवर नाव चढवावे. जुनी थकबाकी असेल तर महापालिका ती घरावरच धरते, तेव्हा मागील घरपट्टी व पाणीपट्टीच्या पावत्या, सोसायटी असल्यास तिचा बाकी नसल्याचा दाखला, हे सर्व शेवटचा हप्ता देण्याआधी मालकाकडून मागून घ्यावे.