ओढून नेलेली गाडी आणि नवे कर्ज



ऊस वाहतुकीसाठी कर्जावर ट्रॅक्टर घेतला, मुकादमाला उचल दिली, टोळी आलीच नाही किंवा हंगाम अर्ध्यावर टाकून निघून गेली. खेपा पडल्या नाहीत, हप्ते थकले आणि एके दिवशी फायनान्सवाल्यांनी ट्रॅक्टर ओढून नेला. आपल्या भागात हा प्रकार नवा नाही. काही वर्षांनी तोच सभासद चारचाकीसाठी बँकेत जातो, तेव्हा साहेब सांगतात, "तुमचं सिबिल खराब आहे." सभासद म्हणतो, "अहो, गाडी तर त्यांनी नेली, मग माझ्याकडे बाकी कसली?"

इथेच बहुतेकांची गफलत होते. गाडी नेल्याने कर्ज फिटत नाही. समजा, येणे बाकी ४,२०,००० रुपये होती. लिलावात ३,१०,००० आले आणि ओढून नेण्याचा व ठेवणावळीचा खर्च १५,००० लागला. म्हणजे १,२५,००० रुपये आपल्या नावावर उभेच राहिले, आणि त्यावर व्याज चालू. लिलावात बाकीपेक्षा जास्त रक्कम आली असेल, तर वरचे पैसे मात्र आपले. ते मागून घ्यावेत. म्हणून लिलावाचा हिशेब लेखी मागावा. तोंडी "मिटलं" यावर विसंबू नये.

सिबिल ही कर्जाची नोंद ठेवणारी एक कंपनी. देशात अशा चार कंपन्या आहेत आणि २००५ च्या कायद्यान्वये त्यांचे काम चालते. गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तेव्हा बँकेत जाण्याआधी अहवाल आपण स्वतः काढावा. इंग्रजी येत नसेल तर कॉलेजात जाणारे पोर घरात असतेच!

अहवालात जुन्या कर्जापुढे कोणता शब्द आहे ते पाहावे. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फिटले. 'सेटल्ड' म्हणजे तडजोडीने कमी रकमेत मिटवले. 'रिटन ऑफ' म्हणजे संस्थेने येणे निर्लेखित केले. ते माफ झाले असे नव्हे. पुष्कळ जण सवलत मिळते म्हणून तडजोड करतात. पैसा खरोखरच नसेल तर तीही ठीक. पण पुन्हा कर्ज घ्यायचे मनात असेल, तर उरलेली बाकी पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घेणे आमच्या मते स्वस्त पडते. 'सेटल्ड' पाहिले की नवी बँक हात आखडता घेते. कंपन्यांना ही माहिती किमान सात वर्षे जपावी लागते, त्यामुळे वाट पाहून प्रश्न लवकर सुटत नाही.

बाकी भरल्यावर निरंक दाखला घ्यावा. तरीही नोंद बदलली नाही, तर त्या संस्थेकडे व नोंद कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढे दररोज १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद २०२४ पासून लागू आहे. "सिबिल साफ करून देतो" म्हणणारे दलाल हल्ली तालुक्याच्या गावी बोर्ड लावून बसले आहेत. खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला दलाल लागत नाही.

आणखी एक. ओढून नेलेली गाडी आर.टी.ओ.च्या दप्तरी अजून आपल्याच नावावर नाही ना, हेही पाहावे. उद्या तिचा अपघात झाला तर नोटीस आपल्या दारी येते.

आता नवे कर्ज. एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज टाकू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद होते. ज्या बँकेत आपले उसाचे बिल जमा होते तिथे आधी जावे, कारण आपली आवक तिला कागदावर दिसते. गाडीच्या किमतीतला स्वतःचा हिस्सा जास्त घालावा, शक्यतो लहान वा जुनी गाडी घ्यावी. व्याज इतरांपेक्षा चढे पडेल, हे धरून चालावे. हप्ता मासिक की सहामाही, हे सही करण्यापूर्वी विचारावे. १९६६ च्या आदेशाप्रमाणे उसाचे पैसे चौदा दिवसांत मिळायचे. प्रत्यक्षात कधी हातात पडतात ते आपण जाणताच, आणि हप्ता काही आपल्यासाठी थांबत नाही.

जामीनदाराला मागची हकीकत आधी सांगावी. हप्ता थकला तर त्याच्याही अहवालावर डाग पडतो, आणि पुढच्या हंगामात त्याला पीककर्ज घेताना तो आडवा येतो.

अर्जासोबत निरंक दाखला, लिलावाचा हिशेब, मागील तीन हंगामांची ऊस बिले, सातबारा व आठ-अ उतारा आणि जुना हप्ता का थकला याचा अर्ध्या पानाचा खुलासा जोडावा.