एसएसडी टाकली, तरी मशीन रेंगाळतंच

‘दादा, एसएसडी टाकून घेतली, पण मशीन चालू व्हायला अजून तेवढाच वेळ खातंय. माल डुप्लिकेट तर नाही ना?’ संगणक दुरुस्तीच्या टेबलावर हा प्रश्न सारखा येतो. माल बहुतेक वेळा चोख असतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पुरा करायलाच ८ मिलिसेकंदांहून जास्त लागतात. एसएसडी तेवढ्यात कितीतरी फाइली वाचून मोकळी होते. पण ती फक्त वाचण्याचा वेळ वाचवते. मशीन कशाची तरी वाट पाहत बसलं असेल, तर ती काय करणार? फाटक बंद असलं की बुलेट काय नि लूना काय, दोन्ही उभ्याच. हे फाटक शोधताना हाताला लागलेल्या काही गोष्टी:

१. आधी घड्याळ, मग स्क्रूड्रायव्हर.
बटण दाबल्यापासून लोगोपर्यंत, लोगोपासून पासवर्डपर्यंत आणि पासवर्डनंतर, असे तीन वेळ वेगवेगळे मोजा. विंडोज १० किंवा ११ असलेल्या यूईएफआय मशीनवर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये वर उजवीकडे ‘लास्ट बायोस टाइम’ दिसतो. मोठा वाटा त्याचाच असेल, तर विंडोजशी झटापट करण्यात अर्थ नाही.

२. जुनी डिस्क आत असेल, तर पहिला संशय तिच्यावर.
‘डेटासाठी राहू द्या’ म्हणून जुनी डिस्क बरेच जण आतच ठेवतात. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना विंडोज टाकलं, की विंडोज एसएसडीवर आणि बूट फाइली जुन्या डिस्कवर असा घोळ होऊ शकतो. डिस्क मॅनेजमेंट उघडून ‘सिस्टम’ हा शब्द कोणत्या डिस्कच्या पार्टिशनवर आहे ते बघा. खात्री हवी असेल, तर मशीन पूर्ण बंद करून प्लग काढा, जुन्या डिस्कची डेटा केबल उपसा आणि चालू करा. झटकन चालू झालं, तर ती डिस्क मरायला टेकली आहे का ते तपासा. बायोस अशा डिस्कच्या उत्तरासाठी ताटकळतो. चालूच झालं नाही, तर बूट फाइली तिथेच आहेत. घाबरू नका, केबल परत लावा. एसएसडीवर छोटं सिस्टम पार्टिशन करून ‘बीसीडीबूट’ कमांडने त्या फाइली तिथे तयार करता येतात.

३. गोल आकडा दिसला, तर डिस्कला दोष देऊ नका.
डिस्क संथ असेल, तर आज ३७ सेकंद, उद्या ४४. दर वेळी बरोबर ३० किंवा ९० सेकंद लागत असतील, तर आत कोणीतरी ठरलेली मुदत संपायची वाट पाहतंय. एका विद्यार्थ्याच्या उबुंटू लॅपटॉपवर एस्केप दाबल्यावर लाल चांदण्या इकडून तिकडे सरकताना दिसल्या आणि शेजारी १ मिनिट ३० सेकंदांची मोजणी. काढून टाकलेल्या डिस्कवरच्या स्वॅपचा यूयूआयडी ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये तसाच होता. ती ओळ काढली, थांबणं गेलं. विंडोज ७ मध्ये तर वॉलपेपरऐवजी साधा एकच रंग ठेवला, की लॉगिनला ३० सेकंद अडकायचं. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी दुरुस्ती काढावी लागली.

४. शटडाऊन आणि रीस्टार्ट एक धरू नका.
फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाऊनच्या वेळी विंडोज आपला गाभा हायबरनेशन फाइलमध्ये ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथून उचलतं. रीस्टार्टला मात्र सगळं नव्याने सुरू होतं. रीस्टार्ट झटपट आणि सकाळची सुरुवात रडतखडत असेल, तर फास्ट स्टार्टअप बंद करून बघा.

५. बायोसमध्ये तीनच गोष्टी बघा.
बूटच्या क्रमात एसएसडी सगळ्यात वर हवी आणि नेटवर्क बूट बंद हवं. साटा मोड ‘आयडीई’ असेल, तर तो ‘एएचसीआय’ करायला हवा. पण आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करा, नाहीतर निळा पडदा ठरलेला.

६. पासवर्डनंतरच्या वेळेचा हिशेब विंडोजकडे लिहिलेला असतो.
इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स’ उघडा. इव्हेंट १०० मध्ये बूटचा एकूण वेळ मिलिसेकंदांत असतो. १०१, १०२ आणि १०३ मध्ये अनुक्रमे रेंगाळणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर आणि सर्व्हिस नावानिशी सापडते. लिनक्सवर हेच काम ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’ करतं.

७. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.
बायोस किंवा जुनी डिस्क अडवत असेल, तर दहा वेळा फॉरमॅट मारूनही फरक पडणार नाही. वेळ नेमका कोणत्या टप्प्यात जातोय हे न बघताच कोणी ‘एसएसडी बदला’ म्हणालं, तर पैसे खिशातच ठेवा.