गव्हाचा चीक आणि शाईचा कागद

हरिहरेश्वर, श्रावण

चि. भाचीस,

शाईचं चित्र बिघडलं की माणूस आधी कुंचल्याला बोल लावतो. खोट पुष्कळदा कागदात असते. प्रदक्षिणेच्या वाटेवरचे लाटांनी पोखरलेले कातळ तू रंगवलेस, पण त्यांच्यावरचं धुकं काही उतरलं नाही. शाई कागदात मुरलीच नाही, वरच्यावर सुकली.

चीनमधल्या आन्ह्वेइ प्रांतात शुआन कागद होतो, छिंगथान झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांचा. त्याच्या कारागिरीला २००९ साली युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळालं. कच्चा शुआन थेंब पडताच पिऊन टाकतो. धुकं, पाऊस, ओला फटकारा यांना तो हवा. तुरटी आणि सरस लावलेला पक्का शुआन थेंब धरून ठेवतो. पानाफुलांच्या बारीक रेषेला तो बरा. म्हणून गठ्ठा घेऊ नये. एक ताव आणावा, कोपऱ्यावर पाण्याचा थेंब सोडावा आणि बघत बसावं.

आपला कागद वेगळ्या कामासाठी घडला. जुन्नर-दौलताबादचे कागदी, म्हणजे कागद करणारे कारागीर, ताव दगडाने घोटून गुळगुळीत करत, कारण त्यावर बोरू चालायचा आणि शाई फुटून चालत नसे. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून होणारा सुती कागद जाड, टिकाऊ. शाईच्या चित्राला तो मागचा आधार म्हणून शोभतो.

आता चित्राला मागून कागदाची पाठ चढवण्याचं. त्याला लागते गव्हाची खळ, आणि ती कुरडया करणाऱ्या घराला नवी नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचं. चिवट भाग चोथ्यात राहतो, तळाशी पांढरा चीक बसतो. मीठ-हिंग न घालता तो शिजवायचा आणि ताकाइतका पातळ करायचा. पूर्ण सुकलेलं चित्र पालथं घालून पाण्याचा फवारा मारावा, सुरकुत्या कुंचल्याने मधून कडेला काढाव्यात, खळ लावावी, मग मोठा पातळ कागद एका कडेपासून हळूहळू बसवावा. त्याच्या मोकळ्या कडांना खळ लावून सगळं फळीवर चिकटवावं. सुकताना कागद तबल्याच्या पुडीसारखा ताणला जातो. आधी त्याच शाईचा एखादा रद्दी तुकडा भिजवून बघावा. काही तयार शाया ओल्या झाल्या की फुटतात.

गेल्या वर्षी एका दुकानाने तुझं चित्र सिंथेटिक गोंदाने पुठ्ठ्यावर डकवलं. ते आता निघत नाही. खळीची पाठ कित्येक वर्षांनीही ओलावून सोडवता येते, फाटलेलं सांधता येतं. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद मात्र घालू नये. तांबं कागदाला ठिसूळ करतं.

इथल्या दमट हवेत श्रावणात खळ सुकण्याआधी बुरशी धरते. तेव्हा पाऊस सरून मार्गशीर्षाची कोरडी हवा पडेपर्यंत नवं चित्र दोन सुती तावांमध्ये सपाट ठेव. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढ, कसर लागली का ते आठवड्याला बघ. गहू आत्या भिजत घालेल.

तुझी,
आत्या