पान बिघडलं की आधी मजकूर बघ

अंबाजोगाई

चि. भाच्यास,


तुझी स्क्रिप्ट चालवून पाहिली. बीड जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांचा मंडळनिहाय पाऊस एका दमात एचटीएमएलच्या पानावर येतो, हे कौतुकाचं आहे. आता ‘मामा, ब्राउझरमध्ये कचरा दिसतो’ या तक्रारीकडे वळू.

कचरा कुणी केला ते आधी ठरव. फाईलमध्ये मजकूर लिहून झाला की स्क्रिप्टचं काम संपलं, पुढचं ब्राउझर बघतो. म्हणून पान बिघडलं की लगेच रंग-रेघांच्या मागं लागू नकोस. कंट्रोल-यू दाबून मूळ मजकूर वाच. तुझ्या पानावर ९ मिलिमीटरचा पाऊसही अतिवृष्टी म्हणून लाल झालाय. तू दोन दिवस सीएसएस उकरत बसलास, पण मूळ मजकुरातच त्या ओळीला लाल रंगाची खूण लागली आहे. बिचाऱ्या ब्राउझरनं सांगितलं तेवढं केलं. तू आकडे मजकूर म्हणून वाचलेस, आणि मजकुरात पहिलं अक्षर ठरवतं. म्हणून ९ हा अतिवृष्टीच्या ६५ च्याही पुढं जातो. तुलनेआधी त्याची संख्या कर.

अक्षरांचा घोळ वेगळा. तो कंट्रोल-यूमध्येही तसाच दिसतो, म्हणून फाईल नोटपॅडमध्ये उघड. तिथं मराठी नीट दिसली तर फाईल चांगली आहे. ‘बीड’मध्ये ब, दीर्घ वेलांटी आणि ड असे तीन घटक, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट लागतात. ब्राउझरनं ते पाश्चात्त्य लिपीचे समजून एकेक करून वाचले की नऊ विचित्र चिन्हं उमटतात, मधेच युरोचंसुद्धा! त्यामुळं एन्कोडिंग दोनदा सांगायचं: पायथनमध्ये फाईल उघडताना, आणि पानाच्या हेडमध्ये अगदी वर, मेटा चारसेटच्या ओळीत. ब्राउझर ती ओळ पहिल्या १०२४ बाइटांत शोधतो. तू ती लांबलचक स्टाईलच्या खाली ठेवली आहेस.

पान बघायला सर्व्हरची घाई कशाला? फाईलवर डबल क्लिक केलं की पान उघडतं; स्क्रिप्टनंच उघडावं असं वाटत असेल तर पायथनचं वेबब्राउझर मॉड्यूल आहे. पुढं सर्व्हरवरून पान द्यायची वेळ आली तर कंटेंट-टाइप टेक्स्ट-एचटीएमएल ठेव. टेक्स्ट-प्लेन राहिलं तर टेबलऐवजी नुसते टॅग दिसतील. सीजीआयचे जुने धडे मात्र गिरवू नकोस, त्याचं मॉड्यूल पायथन ३.१३ मधून काढून टाकलं आहे.

शेऱ्याच्या रकान्यात लोक काहीही लिहितात. कुणी चुकून टॅग टाइप केला तर त्या चौकटीतला पुढचा मजकूर तिरका नाहीतर ठळक होऊन बसेल. तो मजकूर एस्केप करूनच छाप. इथं आळस चालणार नाही.

दुरुस्ती करूनही पान जुनंच दिसलं तर कंट्रोल-एफ-५ दाब, आणि स्क्रिप्ट फाईल कुठल्या फोल्डरात लिहिते तेही तपास. तुझ्या कॉम्प्युटरवर त्याच नावाच्या दोन फाईली आहेत.

आबा हे पान फोनवर बघणार. व्ह्यूपोर्टची मेटा ओळ घातली नाहीस तर आकडे मुंगीएवढे दिसतील आणि ते तुलाच वाचून दाखवायला लावतील. दुरुस्त केलेली फाईल रविवारपर्यंत पाठव.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा मामा