सोबतीने समुद्र ओलांडताना : अटलांटिकच्या शिडांच्या रॅलीवरून एक पाठ

'ग्रहीय वारे' हा भाग शिकवताना आपण फळ्यावर पृथ्वीचा गोल काढतो, बाण दाखवतो आणि मुलं ते बाण पाठ करतात. त्या बाणांवर भरवसा ठेवून दरवर्षी नोव्हेंबरात शेकडो माणसं घरदार मागे ठेवून निघतात, हे सांगितलं की वर्गात चुळबुळ थांबते. त्यासाठीच आजचा हा पाठ.

स्पेनच्या कॅनरी बेटांवर लास पाल्मास नावाचं बंदर आहे. तिथून शिडाच्या नौकांचा मोठा ताफा एकाच दिवशी सुटतो आणि अटलांटिक ओलांडून कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया बेटावर पोहोचतो. हिला 'अटलांटिक रॅली फॉर क्रूझर्स' म्हणतात. आपल्याकडे रॅली म्हटलं की झेंडे आणि घोषणा आठवतात. इथे अर्थ एवढाच, की सगळ्यांनी मिळून निघायचं. जिमी कॉर्नेल या मूळच्या रुमानियन पत्रकाराने १९८६ साली ती सुरू केली. त्याआधी तो स्वतः पत्नी आणि दोन मुलांना घेऊन शिडाच्या नौकेतून वर्षानुवर्षं जगभर फिरला होता. पहिल्याच वर्षी दोनशेहून अधिक नौका आल्या. सुरुवातीला शेवट बार्बाडोसला व्हायचा, १९९० पासून सेंट लुसियाला होतो.

यात सगळेच मुरलेले दर्यावर्दी नसतात. नोकरी सोडून, घर भाड्याने देऊन, पुढची काही वर्षं नौकेवरच राहायचं ठरवलेली कुटुंबंही असतात. त्यांच्यासाठी हा पहिला महासागर असतो.

आता वेळ नोव्हेंबरचीच का? जून ते नोव्हेंबर हा त्या भागातला चक्रीवादळांचा हंगाम. तो सरत आला की निघायचं आणि ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे पाठीवर घ्यायचे. १४९२ मध्ये कोलंबसही कॅनरी बेटांवर थांबून याच वाऱ्यांवर पश्चिमेला गेला होता. गंमत म्हणजे नौका बहुधा सरळ रेषेत जात नाहीत. आधी दक्षिणेला उतरतात, वारा नीट सापडला की पश्चिमेकडे वळतात. रस्ता लांबतो, पण वारा मिळतो. मुलांना आधी नकाशावर पट्टीने रेघ मारू द्या, मग हे सांगा.

अंतर सुमारे २,७०० सागरी मैल, म्हणजे ५,००० किलोमीटर. ताशी ६ सागरी मैल वेग धरला तर दिवसाला १४४ मैल, म्हणजे जवळजवळ १९ दिवस. चार माणसं, माणशी रोज ३ लिटर पिण्याचं पाणी, आणि उशीर झाला तर? १९ दिवसांचंच पाणी घ्यायचं की २५ दिवसांचं? सहावीच्या मुलांना हे गणित तोंडी घाला. वाद होऊ द्या, कारण जास्त पाणी म्हणजे जास्त वजन.

पण मला या रॅलीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते समुद्रावरचं नाही, धक्क्यावरचं. निघण्याआधीचे काही दिवस लास पाल्मासमध्ये सुरक्षेची तपासणी होते. जीवतराफा, कमरपट्ट्यासह लाइफ जॅकेट, संकटाचा संदेश उपग्रहाकडे पाठवणारं यंत्र, सगळं दाखवावं लागतं. व्याख्यानं असतात. शेजारच्या नौकेवरचा कुणी डोलकाठीवर चढून दोर कसा तपासायचा ते दाखवतो. मुलांची आपसात गट्टी जमते. आणि मुख्य म्हणजे तारीख ठरलेली असते. एकट्याने 'पुढच्या वर्षी जाऊ' म्हणत दहा वर्षं धक्क्यावर काढणारी माणसं असतात हो! तारीख त्यांना हलवते.

तीच तारीख घातकही ठरू शकते, हेही सांगायला हवं. सगळे निघाले म्हणून अर्धवट तयारीने निघणं, हा गटाचा दबाव. आपल्या मुलांना तो सहलीत नि परीक्षेतही भेटतो. शिवाय सोबत म्हणजे हाकेच्या अंतरावर नव्हे. दोन-तीन दिवसांत नौका इतक्या पांगतात की क्षितिजावर एकही शीड दिसत नाही. रात्री पाळीपाळीने पहारा आपला आपणच द्यायचा. मदत यायला कित्येक तास, कधी त्याहून जास्त लागू शकतात.

ज्यांना आपल्या जवळचं उदाहरण हवं, त्यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेची गोष्ट जोडावी. तिच्यावरून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याने जाणं आणि सोबतीने जाणं, दोन्ही बाजूंनी मुलांना बोलतं करता येतं.

शेवटी आठवी-नववीसाठी एक प्रश्न. लास पाल्मास साधारण १५ अंश पश्चिम, सेंट लुसिया ६१ अंश पश्चिम. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर फरक येतो ३ तास ४ मिनिटं. पण दोन्हीकडच्या घड्याळांत नोव्हेंबरात ४ तासांचा फरक असतो. का बरं? उत्तर लगेच सांगू नका, नकाशावर ग्रीनिच शोधायला लावा.