मगर थंडीत उन्हात काहून पडून रायते?



या महिन्याच्या भित्तिपत्रकात ‘पाऊस कसा पडतो’ हा पाठ द्यायचे ठरले होते. तो पुढच्या महिन्यात देऊ. मध्येच एक प्रश्न आला आणि त्याने सगळी जागा घेतली.

सहावीतला आपला एक विद्यार्थी गेल्या हंगामात आईवडिलांबरोबर ऊसतोडीला सांगली जिल्ह्यात गेला होता. भिलवडीच्या बाजूला, कृष्णाकाठी त्यांच्या टोळीच्या कोप्या होत्या. तो परत आला तेव्हा वर्गात ‘थंड रक्ताचे व उष्ण रक्ताचे प्राणी’ हा भाग चालू होता. मगर थंड रक्ताची, असे मी फळ्यावर लिहिले. तसा तो उठून उभा राहिला.

“गुरुजी, थंड रक्ताची हाय तर तिले थंडी चांगली वाटाले पाह्यजे. मंग थंडीत ते उन्हात काहून पडून रायते? म्या डोयानं पाह्यलं. उन्हाळ्यात तं दिसतच नाई.”

वर्ग हसला. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. मी ज्या शब्दाने शिकवत होतो तो शब्दच मुळात फसवा आहे. मगरीचे रक्त थंड नसते. ते कधी थंड असते, कधी चांगले कोमट असते. बाहेर जसे असेल तसे.

आता हे नीट पाहू.

आपल्या प्रत्येकाच्या अंगात एक चूल पेटलेली असते. बाहेर माघाची थंडी असो की वैशाखाचे ऊन, अंगाचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. या चुलीला सरपण लागते, ते म्हणजे आपले जेवण. बैलाचेही तसेच. थंडीच्या रात्री गोठ्यात हात लावून पाहा, बैलाचे अंग गरम लागेल. दिवसभर खाल्लेल्या कडब्यातला बराचसा भाग ही ऊब राखण्यातच जळतो. म्हणून बैलाला रोज कडबा लागतो. एक दिवस गव्हाण रिकामी राहिली की तो हंबरतो.

मगरीच्या अंगात ही चूल नाही. ती ऊब बाहेरून घेते, सूर्याकडून. त्यामुळे तिचा खर्च फार कमी. मोठी मगर काही महिने न खाता काढू शकते. बैलाला हे जमणार नाही, तुम्हाआम्हाला तर नाहीच. पण या काटकसरीची किंमत तिला मोजावी लागते. ऊन मिळाले नाही तर तिचे सगळे काम थांबते. हातपाय जड होतात, शेपटी हलत नाही. आणि मुख्य म्हणजे पोटातले अन्न पचत नाही, ते पोटातच सडू लागते. थंडीत मगर खाणे कमी करते ते यामुळे. भूक नसते असे नव्हे, पचवायला ऊब नसते.

आपल्या घरातली पाल पाहा ना. पावसाळ्यात दिव्याजवळ किडे टिपत धावणारी पाल पौष महिन्यात कुठे जाते? आणि कुंपणावरचा सरडा सकाळी कोवळ्या उन्हात अंग पसरून बसतो, तो काय गंमत म्हणून? शाळा भरायच्या आधी तुम्हीसुद्धा व्हरांड्याच्या पायरीवर ऊन खात बसता. फरक एवढाच की तुम्ही नाही बसलात तरी चालते.

तर आपल्या विद्यार्थ्याने कृष्णाकाठी पाहिले ते हेच. थंडीत पहाटे मगर पाण्यातच असते, कारण पाणी हवेइतके लवकर थंड होत नाही. ऊन चढले की ती काठावर येते. तासन्‌तास पडून राहते, कधी जबडा वासून. (तो जबडा तिने कोणाला खायला उघडलेला नसतो. डोके फार तापू नये म्हणून तोंडावाटे उष्णता बाहेर टाकते.) संध्याकाळी पुन्हा पाण्यात. उन्हाळ्यात पाणीच कोमट असते, मग काठावर कशाला येईल? उलट दुपारच्या उन्हापासून तिला लपावे लागते. म्हणून ती दिसत नाही. दिसत नाही याचा अर्थ नदीत नाही असा नव्हे, हे पुढे पुन्हा येईल.

इथवर आलो तो सातवीतली एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, म्या मोबाईलवर बर्फातली मगर पाह्यली. सगळं पानी गोठलं होतं आन्‌ तिचं नाक तेवढं वर.”

तिने खोटे सांगितले नाही. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात असे घडले होते. पण ती मगर नव्हे, मगरीची चुलत बहीण. तिला अ‍ॅलिगेटर म्हणतात. अ‍ॅलिगेटर जगात दोनच जातींचे. एक अमेरिकेच्या आग्नेय भागात, फ्लोरिडा, लुइझियाना या राज्यांतल्या दलदलीत. दुसरा चीनमध्ये, यांगत्सी नदीच्या खालच्या खोऱ्यात. भारतात अ‍ॅलिगेटर नाही. आपल्याकडची मगर आणि अ‍ॅलिगेटर ओळखायची सोपी खूण अशी: तोंड मिटले असताना मगरीच्या खालच्या जबड्याचा चौथा दात बाहेर दिसतो, अ‍ॅलिगेटरचे खालचे दात आत झाकले जातात. नुसत्या तोंडाच्या आकारावर जाऊ नका, आपल्या मगरीचे तोंडही चांगले रुंद असते.

या कुळात अ‍ॅलिगेटर हा थंडीला सर्वांत चिवट. पाणी १३ अंशांच्या खाली गेले की तो सुस्त पडून राहतो, आणि पाणी गोठू लागले तर नाकपुड्या वर काढून ठेवतो, म्हणजे श्वास चालू राहतो. चीनमधला तर जवळजवळ अर्धे वर्ष जमिनीखालच्या बिळात झोपून काढतो. मगरीला हे साधत नाही. हे कशावरून? फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला मगर आणि अ‍ॅलिगेटर दोन्ही रानात राहतात. जगात अशी जागा ती एकच. २०१० च्या जानेवारीत तिथे बरेच दिवस कडाक्याची थंडी पडली. शंभरावर मगरी मेल्या. अ‍ॅलिगेटर बहुतेक वाचले. पाणी तेच, थंडी तीच. निसर्गाने स्वतःच केलेला हा प्रयोग, कोणत्याही प्रयोगशाळेत इतका मोठा झाला नसता.

पण अ‍ॅलिगेटरलाही सीमा आहेच. तो नॉर्थ कॅरोलिनाच्या वर सरकत नाही. एखादी रात्र बर्फाची काढणे वेगळे आणि लांबलचक हिवाळा काढणे वेगळे. शिवाय अंडी आहेत. कोंबडी अंड्यांवर बसते, अंगाची ऊब देते. मगर कशाची ऊब देणार? तिच्याकडेच नाही. आपली मगर फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला काठावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि मातीने झाकते. पुढचे दोन महिने माती तापवते ती उन्हाने. पिले मृगाच्या आगेमागे बाहेर पडतात. आणखी नवल ऐका. पिलू नर होणार की मादी, हेही त्या मातीच्या तापमानावर ठरते. ३१ अंशांपर्यंत सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास नर. जिथे माती दोन महिने सलग अशी तापलेली राहत नाही, तिथे मोठी मगर कशीबशी जगेलही, पण तिचा वंश वाढणार नाही.

आता भारताचा नकाशा घ्या. काश्मीरमध्ये झेलम आहे, दाल सरोवर आहे, बारा महिने पाणी आहे, मासे आहेत. मगर नाही. कडक हिवाळ्यात दाल सरोवर गोठते. हिमालयाच्या पायथ्याशी, नेपाळच्या तराईत मगर आहे, वर डोंगरात नाही. आपल्या खामगावाकडे वळलो तर सगळे उलटे. ऊन इथे वाटेल तेवढे, मे महिन्यात नको नको होते. पण आपले ओढे-नाले होळीनंतर कोरडे पडतात. पूर्णेसारख्या मोठ्या नदीतल्या डोहांची गोष्ट वेगळी, पण गावाजवळच्या नाल्यात मगर यायची ती कशाला? म्हणजे काश्मीरमध्ये तिला थंडी अडवते आणि आपल्याकडे कोरड. लोणारला ऊन आहे, बारमाही पाणीही आहे, तर तिथे का नाही, असे एकाने विचारले. ते पाणी सोड्याचे, खारे. तिथे तिला पोटभर मासळी कुठून मिळावी?

ऊन फार झाले तर? आपल्या विदर्भातच चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि ताडोबाच्या तलावात मगरी आहेत. मगर काठाला खोल बीळ खणते. बाहेर ३८ अंशांवर ऊन असो की ५ अंशांखाली थंडी, बिळात सुमारे १९ ते २९ अंश राहते. आपल्या जुन्या मातीच्या घरांसारखेच म्हणा.

आता सर्वांत कामाचे.

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाची आई शाळेत आली होती. तिला मी हे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, “थे सगळं खरं गुरुजी, पन आमी धुनं कुठी धुवाव?” माझा सारा पाठ एकीकडे आणि हा प्रश्न एकीकडे. दिवाळी झाली की पुन्हा कोयता घेऊन जायचे, कोप्या पुन्हा काठाजवळच पडायच्या.

कृष्णेला कोयना धरणातून सोडलेले पाणी येते, म्हणून सांगलीकडे ती उन्हाळ्यातही वाहती राहते. मगरींना ते सोयीचे. कोकणात चिपळूणची वाशिष्ठी, महाडची सावित्री या नद्यांतही त्या आहेत. २०२४ च्या जूनअखेरीस चिपळूणमध्ये भर पावसात मगर शहरातल्या रस्त्यावरून चालत गेली होती. कातड्यासाठी शिकार होऊन एके काळी या मगरी संपत आल्या होत्या. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, १९७५ पासून सरकारने अंडी उबवून पिले सोडण्याची योजना चालवली. तेव्हा त्या नदीत राहणार, आणि आपली माणसेही काठावर जाणार.

म्हणून जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. हिवाळ्यात काठावर पडलेली मगर डोळ्यांना दिसते, तेव्हा तिच्यापासून दूर राहणे सोपे. दगड मारू नये, फोटोसाठी जवळ जाऊ नये. फाल्गुनापासून पुढे ती काठावर क्वचित दिसते. पण तेव्हाच तिचे अंग उबदार, हालचाल चपळ आणि भूक चांगली असते, आणि मादी अंड्यांजवळ असते. ओल्या मातीत घसरत गेल्याची पट्टी आणि मध्ये शेपटीची रेघ दिसली तर ती तिची वाट आहे, तिथे पाण्यात उतरू नये. रोज एकाच जागी, एकाच वेळी धुणे नको. मुलांना एकटे पाण्यावर पाठवू नये, तिन्हीसांजेला तर नाहीच. गावचे कोळी, म्हशीवाले यांना कोणता डोह वाईट ते माहीत असते, पहिल्याच दिवशी विचारावे. आणि मुकादमाकडे टँकरचे किंवा नळाचे पाणी मागायला लाजू नये. उचल देताना तो लाजत नाही.

त्या आईला मी हेच सांगितले. ती म्हणाली, “मुकादमाले तुमीच चिठ्ठी लेहून द्या.” दिली.

बाजूला जगाचा नकाशा लावला आहे. निळ्या खडूने अ‍ॅलिगेटरच्या दोन जागा आणि लाल खडूने आपल्या मगरीचा मुलूख रंगवला आहे, दक्षिण इराणच्या कोपऱ्यापासून श्रीलंकेपर्यंत. चंबळमधली घडियाल आणि ओडिशाच्या भितरकनिकातली खाऱ्या पाण्यातली मगर अजून रंगवायची राहिली आहे. पाचवीच्या मुलांनी मधल्या सुट्टीत यावे. हिरवा खडू कपाटात आहे.