वेळ अमावास्येची भज्जी

मार्गशीर्षातील अमावास्येला धाराशिव जिल्ह्यातील गावे ओस पडतात, कारण घरोघरची माणसे शेतात गेलेली असतात. ही वेळ अमावास्या. आमच्या बोलीत येळवस.

आमचे शेत गावापासून तीन किलोमीटर दूर. सकाळीच बाबा सायकलीच्या कॅरियरला भाकरीचे टोपले बांधून पुढे निघतात. मागून आंबिलीचे मडके डोक्यावर घेऊन आई आणि आम्ही भावंडे. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा होते, ज्वारीच्या उभ्या पिकावर आंबील शिंपडली जाते आणि मग पंगत बसते.

पंगतीचा मान भज्जीचा! तूर, वाल, वाटाणा, हरभरा यांचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी आणि कांद्याची पात एकत्र शिजवून त्यांत बेसन व चिंचेचा कोळ घालतात. तिला दूध, तूप काही लागत नाही. ताक काय ते आंबिलीत!

गेल्या वर्षी जेवताना मी सहज विचारले, "आई, यांतले आपल्या शेतातले काय?"

"हरभरा आणि मेथी," आई म्हणाली. "बाकीचे बाजारचे."

बाबा गप्प राहिले. खरिपात आम्ही सगळे सोयाबीन पेरले होते. त्याचे पैसे लवकर हाती येतात, हे खरे. पण ते दिवाळीच्या सुमारास निघून जाते. तूर मात्र येळवशीला शेतात उभी असते, आणि तिचा गळलेला पाला जमिनीला खत होतो.

यंदा बाबांनी सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी पेरल्या. आईने बांधावर वाल टोचला. परवा सायकलीवरून शेतात गेलो, तेव्हा त्याला फुले आली होती.